पूजेत आहेत

मला अजूनही कुठं कुठं बोलायला बोलावतात. महिला मंडळ, कॉलेजातल्या मुली, व्यापाऱ्यांच्या बायकांचं हळदीकुंकू. विषय ठरलेला असतो: लोह्याच्या शाळामास्तराची बायको लातुरात येऊन डाळ मिलची मालकीण कशी झाली. मी छान सांगते. कुठं थांबायचं, कुठं हशा येतो, सगळं पाठ झालंय. एखादी मुलगी हमखास विचारते, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटली?" मी म्हणते, "घाबरून बसले असते तर अजून लोह्यातच भाकरी थापत असते." टाळ्या पडतात. शाल-नारळ घेऊन मी रिक्षात बसते आणि घर येईपर्यंत तोंड कडू झालेलं असतं. धाडस केलं हे खरं आहे. पण ते ज्याच्या जिवावर केलं, तो माणूस माझ्या भाषणात 'आमचे मालक' म्हणून एकदा येतो आणि लगेच जातो.

घरी मी त्यांना मालक कधीच म्हणत नाही. गुरुजी म्हणते. लग्न झालं तेव्हा ते लोह्याच्या प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि सगळं गाव त्यांना त्याच नावानं ओळखायचं, तेव्हा मीही तेच धरलं.

लोह्यातले गुरुजी आठवले की आधी त्यांची झोप आठवते. जेवून हात धुता धुता जांभई, आणि पाठ टेकली की घोरणं सुरू. मी चिडायचे. मला बोलायचं असायचं. "तुम्हाला कशाची म्हणून काळजी न्हाई का हो?" म्हणून मी हलवून उठवायचे. तर म्हणायचे, "हाय की. उद्या पोरांना भागाकार शिकवायचाय. लई अवघड." आणि पुन्हा घोरायला लागायचे.

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या, जनावरं मातीमोल भावानं गेलेली, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं आणि अख्खी गावं तिथं खडी फोडायला बसली होती. मुलं आयांच्या मागे कामावर गेली, शाळा ओस पडली. गुरुजींनी काय करावं? फळा उचलला आणि तिकडंच नेला. लिंबाच्या खोडाला टेकवून शाळा भरवली. दुपारी मुलांना सुकडीचा खाऊ वाटायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांपर्यंत धुळीनं पांढरे, आणि हसत. "आता एक बी पोरगं गैरहजर न्हाई बघ," म्हणायचे. दुष्काळात खूश असलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

मी मात्र एका दुपारी त्यांचा डबा घेऊन तिथं गेले आणि खडीच्या ढिगामागे एक बाई पाहिली. चांगल्या घरची. दारात बैलजोड्या असलेली. एका लग्नात तिच्या अंगावरचं इरकली लुगडं बघून मी मनातल्या मनात जळले होते. तिनं पदर तोंडावर ओढला होता, मला ओळखल्यावर आणखी खाली ओढला आणि हातोडी मारत राहिली. मी डबा ठेवून परतले. त्या दिवशी जे पाहिलं, ते नंतर डोळ्यांपुढून हललंच नाही. तो दुष्काळ गुरुजींनी निभावला. मी त्यातून बाहेर आलेच नाही. लोक ज्याला माझं धाडस म्हणतात ते तिथं सुरू झालं, आणि ते धाडस नव्हतंच. ती भीती होती. शांत बसू देत नव्हती, एवढंच.

माझे वडील, अप्पा, लातूरला आडतीत, धान्याच्या दलालीत, होते. पाऊसपाणी झाल्यावर एकदा माहेरी गेले तर ते म्हणाले, "एक जुनी डाळ मिल चालवायला मिळायलीय. लातूर आज ना उद्या जिल्हा होतोय. जावयाला इचार." मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "जिल्हा झाला की शाळा बी वाढतील. मास्तर लागतील की." मी हसले. त्यांच्या तोंडावर हसले.

मग महिनाभर आमचं तेच. ते नाही म्हणायचे, तेही मऊ आवाजात, आणि मला त्यांच्या मऊपणाचाच राग यायचा. शेवटी एका सकाळी, ते शाळेला निघताना, मी म्हणाले, "अप्पा म्हणत होते, जावयात दम न्हाई."

अप्पा असं कधीच म्हणाले नव्हते. त्यांना जावई फार आवडायचा.

गुरुजी चपला घालता घालता थांबले. दोन दिवसांनी म्हणाले, "चल. जाऊ लातूरला." त्यांनी अप्पांना कधी जाब विचारला नाही, आणि अप्पा गेले तेव्हा त्यांना खांदा देणारे हेच होते. मी ती गोष्ट आजवर त्यांना सांगितलेली नाही.

मिलचं काम गुरुजी मन लावून शिकले. तूर भिजवायची किती, तेलाचा हात द्यायचा केव्हा, उन्हात पसरलेली तूर आभाळ आलं की कशी झटक्यात गोळा करायची, सगळं. मजुरांना ते विद्यार्थ्यांसारखं वागवायचे, त्यामुळं मजूर टिकले. पण मिल नुसती डाळ भरडून मोठी होत नाही. हंगामात तूर घ्यायची आणि भाव चढेपर्यंत धरून ठेवायची, त्यात खरा खेळ. पाऊस कसा होईल, पीक कसं येईल, कुणाला ठाऊक? धरलेला माल सोन्याचा होतो नाहीतर मातीचा.

गुरुजी म्हणायचे, "इकून टाकू. जेवढं आलं तेवढं बास."

मी म्हणायचे, "धरा."

आणि दरवेळी माझं खरं ठरलं. एकदा जरी मी तोंडघशी पडले असते ना, तर फार बरं झालं असतं. पण आमचं नशीब असं की भाव चढतच गेले, जुनी मिल आमची झाली, शेजारची जागा घेतली, गोदाम बांधलं. दरवेळी पुढच्या वर्षी आणखी धरायचं. आडतीत गुरुजींचं नाव झालं. शेठ म्हणजे छातीचा माणूस, म्हणायचे लोक. आणि छातीचा माणूस रोज सकाळी सौद्याला निघायच्या आधी मागच्या मोरीत जाऊन ओकायचा. मी बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायचे. पित्त, म्हणायचे मी. आल्याचा रस द्यायचे.

घोरणं कधी थांबलं ते मला सांगता येत नाही. एवढं आठवतं की घर शांत झालं आणि मला गाढ झोप लागायला लागली.

ते गोदामात जाऊन पोत्याला कान लावून उभे राहायचे. "किडा लागलाय. ऐक," म्हणायचे. मी कान लावायचे. काही नसायचं. "न्हाई हो काही." तर माझ्याकडं बघायचे, शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडं बघतात तसं. "तुला ऐकू येत न्हाई." मजूर कौतुकानं म्हणायचे, मालकाचं मालावर किती ध्यान. सगळंच असं झालं होतं. झोपत नव्हते तर लोक म्हणायचे, कष्टाळू. जेवत नव्हते तर म्हणायचे, पैसा आला तरी जिभेचे चोचले नाहीत. बोलणं बंद झालं तर आडते एकमेकांना सांगायचे, शेठ लई खोल माणूस, थांग लागू देत न्हाई. त्यांना जे जे होत होतं, त्याला व्यापारात एकेक चांगलं नाव होतं. ती नावं मलाही आवडत होती.

एकदाच ते स्पष्ट बोलले. आवारात तूर वाळत पडली होती, भर दुपार, मी चहा घेऊन गेले होते. म्हणाले, "लोह्याला एका संस्थेची नवी शाळा निघालीय म्हणं. मास्तर पाहिजेत. इचारून बघू का?"

मी हसले. दुसऱ्यांदा. "एवढा मिलवाला माणूस आता परत खडू धरणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काय बी म्हणत न्हाईत," ते म्हणाले. "तू म्हणायलीस."

खाली वाकून त्यांनी मूठभर तूर उचलली, परत पसरली आणि आत निघून गेले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर त्यांची पूजा वाढली.

आमच्या लिंगायत घरांत ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्या गळ्यात असतं. सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडं बघत बसायचं. त्या वेळी माणसाला हाक मारायची नाही. घर पेटलं तरी नाही, असं माझी आजी म्हणायची. गुरुजींची पूजा आधी चहा उकळेपर्यंत संपायची. आता ती तास-दोन तास चालायला लागली, मग संध्याकाळचीही सुरू झाली. देवघराची खोली लहान, दार लोटलेलं. सौद्याचा निरोप आला, कुणी भाव विचारायला आलं, की मी बाहेर जाऊन सांगायचे, "पूजेत आहेत." माणसं आवाज खाली करायची. काही जण दाराकडं बघून हात जोडायचे.

घरी येणारे जंगम स्वामी, आमच्यातले धर्मगुरू, ते तर भारावून गेले होते. "एवढा पसारा वाढला तरी यांचं मन लिंगावर. भाग्यवान हाय गं माय तू," म्हणायचे. मी पदर सावरून त्यांच्या पाया पडायचे. आडतीतला सगळ्यात छातीचा माणूस आणि सगळ्यात भाविकही, असा नवरा कुणाला मिळतो?

आणि मग खरंच लातूर जिल्हा झालं. गावात गुलाल, हलग्या, पेढे. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर आम्ही डाव लावला होता, ती झाली. मी आनंदानं रडले. व्यापाऱ्यांनी मोठा कार्यक्रम ठेवला, त्यात ज्या लोकांनी हिमतीनं धंदा उभारला त्यांचा सत्कार होता, आणि पहिलं नाव गुरुजींचं. सकाळी जीप आली. पुढच्या खोलीत फेटेवाले पाच-सहा जण, त्यांत अप्पा, कोपऱ्यात स्वामी. गुरुजी देवघरात.

"पूजेत आहेत," मी म्हणाले. चहा दिला. वेळ गेला. पुन्हा चहा दिला. अप्पा घड्याळ बघायला लागले. स्वामी म्हणाले, "बसू द्या. समाधी लागली असंल."

पण मला सत्कार हवा होता. म्हणून आजीचा नियम मोडून मी दार ढकललं आणि आत गेले.

गुरुजी आसनावर मांडी घालून बसले होते. कपाळाला भस्म. डावा हात समोर धरलेला, नजर तळहातावर. तळहात रिकामा होता. लिंगाची चांदीची डबी गळ्यातच होती, मिटलेली. बेलाची पानं ताटलीत तशीच, आदल्या दिवशीची, वाळलेली.

मला आधी राग आला. देवाची चेष्टा, असं काहीतरी मनात आलं. मी हळू आवाजात म्हणाले, "हे काय? लिंग कुठंय?"

त्यांनी हात खाली घेतला नाही. म्हणाले, "हितं बसलं की कुणी काही इचारत न्हाई. तू बी न्हाई."

"रोज असंच बसताव?"

"हाव."

बाहेरून हलगीचा आवाज येत होता. ते म्हणाले, "जरा बसू दे गं. दार लाव."

त्या माणसानं माझ्याकडं ती एक गोष्ट मागितली होती. मी ती दिली, पण कशी दिली? दार लावलं, डोळे पुसले, पुढच्या खोलीत आले आणि म्हणाले, "पूजेत आहेत. उठायचे न्हाईत. मी येते त्यांच्या वतीनं." फेटेवाल्यांनी देवघराच्या दाराला हात जोडले. मी जीपमध्ये बसले, व्यासपीठावर गेले, त्यांची शाल माझ्या खांद्यावर घेतली आणि चार वाक्यं बोलले. लोकांना फार आवडली. माझी भाषणं तिथून सुरू झाली.

पुढं जवळजवळ वर्षभर मी ते कुणाला सांगितलं नाही. बाहेर 'पूजेत आहेत' म्हणत राहिले. माल धरत राहिले. एक दिवस जेवताना गुरुजी ताटावर हात ठेवून रडायला लागले. समोर आमचा मुलगा बसला होता. त्यानं घास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा कुठं मला डॉक्टर सुचला.

लातुरात डॉक्टर नव्हते असं नाही. पण मनाच्या डॉक्टरकडं जाताना कुणी बघितलं तर? आडतीत कळलं तर मिलवाल्याचं डोकं फिरलं म्हणून भाव पाडतील. म्हणून मी त्यांना एसटीनं नांदेडला नेलं. गल्लीत सांगितलं, माल बघायला चाललोय. एवढी मी धाडसी. सगळा संसार तुरीवर लावताना मागंपुढं पाहिलं नाही, आणि आपल्या गावात नवऱ्याला घेऊन एका दवाखान्याच्या पायऱ्या चढायची हिंमत झाली नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी गुरुजींना विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

"लातूरला आल्यापासून," गुरुजी म्हणाले, जरासुद्धा न थांबता.

मग मला विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"हे आत्ताच," मी म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टर भला माणूस होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा आजार आहे. सगळं नीट चाललेल्या माणसालाही होतो. तुमच्यामुळं झाला असं मनात आणू नका." मी पुष्कळदा ते वाक्य मनाशी घोळवते. आजार माझ्यामुळं झाला नसेलही. पण मी तो बघितला होता, आणि बघून दार लावलं होतं. त्याला डॉक्टरांकडं औषध नव्हतं.

औषधाच्या प्रत्येक खेपेला नांदेडची गाडी अहमदपूरवरून लोह्याला थांबायची. गुरुजी उतरून चहा घ्यायचे. स्टँडच्या मागच्या बाजूनं शाळेतल्या पोरांचे पाढे ऐकू यायचे, आणि ते हातात कप तसाच धरून ऐकत राहायचे. एकदा कंडक्टरनं घंटी दिली तरी हलले नाहीत. गाडी सुरू झाली. मी खिडकीतून ओरडले, "अहो, चला!" ते आले. माझ्या हाकेला ते नेहमीच आलेत.

औषधानं फरक पडला. एकदम नाही, रडतखडत. माल धरणं मी बंद केलं. मिल लहान झाली, पुढं मुलानं आपल्या पद्धतीनं चालवली. कान लावणं थांबलं, ओकणं थांबलं. काही वर्षांनी एका दुपारी ते पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत राहिले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

पूजा आता पुन्हा चहा उकळेपर्यंत आटोपते. पण मला राहवत नाही. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून मी देवघराचं दार बोटभर ढकलते आणि तळहात बघते. लिंग असतं. भस्म असतं, ताजा बेल असतो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना कळत नाही.

परवा मी दार ढकललं तेव्हा नजर न हलवता ते म्हणाले, "हाय. हातात हाय. जा तू."

आवाजात राग नव्हता. सारखी सारखी पाटी दाखवायला येणाऱ्या पोराला सांगावं तसं म्हणाले. मी दार ओढून घेतलं. सगळ्या घरात त्यांना एक जागा होती जिथं मी नव्हते, आणि रिकामा हात बघितल्यापासून मी तिथंही रोज जात होते.

ठरवलं, आता बस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशीच उभी राहिले. चहा उकळला. गॅस बंद केला. कप काढले, पुसले, परत पुसले. मग पाय निघालेच.

दार ढकलावं लागलं नाही. ते आधीच उघडं होतं, आणि गुरुजींनी आसन थोडं वळवून घेतलं होतं, दारातून मला त्यांचा तळहात नीट दिसावा म्हणून.